किल्ली हरवली? थांबा, हातोडी खाली ठेवा

आमचं पुण्यात पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे आणि दुकानाबाहेरच्या ओट्यावर गेली पंधरा-सोळा वर्षं एक चावीवाले बसतात, त्यांना आम्ही पाजी म्हणतो. मी स्वतः चावीवाला नाही हे आधीच सांगून टाकतो, पण ब्लँक (म्हणजे कोऱ्या चाव्या) आमच्याकडून जातात, कानशी आमच्याकडून जातात, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून चहा पीत बसतो, त्यामुळे बघून बघून बरंच डोक्यात शिरलंय. दर रविवारी एखादा तरी माणूस चेचलेलं कुलूप घेऊन येतोच. कडी वाकलेली, भोकात स्क्रू ड्रायव्हर घुसवून आतलं सगळं उद्ध्वस्त केलेलं, आणि वर विचारणार "याची चावी बनेल का?" पाजी कुलूप डोळ्याजवळ नेतात, परत हातात देतात आणि म्हणतात, "साहेब, मारायच्या आधी आणलं असतंत तर बनली असती."

बहुतेकांना वाटतं किल्ली गेली म्हणजे माप गेलं, आता नवीन किल्ली कशावरून बनवणार? तर कुलपावरूनच बनवणार. किल्लीचा प्रत्येक दाता किती खोल आहे ते सगळं कुलपाच्या पोटात जसंच्या तसं बसलेलं असतं, चावीवाला ते वाचतो आणि ब्लँकवर उतरवतो. म्हणून किल्ली हरवल्यावर कुलूप शाबूत ठेवणं हे तुमचं काम, बाकीचं त्याचं. (किल्ली की चावी यावर कमेंटमध्ये भांडू नका, आम्ही घरी किल्ली म्हणतो आणि दुकानात चावी, दोन्ही येणार आहे.)

चावीवाल्याला फोन करायच्या आधी

आधी किल्ली खरंच हरवलीय की आत राहिलीय ते ठरवा, कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक फोनवर गोंधळ घालतात. दार वाऱ्याने लागलं, लॅच पडलं आणि किल्ली आत टेबलावर आहे, तर नवीन चावी बनवायची गरजच नाही, फक्त दार उघडायचंय. तसं सांगितलंत तर तो वेगळी हत्यारं घेऊन येईल, वेळ कमी लागेल आणि पैसेही कमी जातील.

खरंच हरवली असेल तर कुलपाचा समोरून फोटो काढा. भोकाचा क्लोजअप काढा, उजेड पाडून, कारण भोकाच्या आकारावरून त्याला कुठला ब्लँक लागेल ते घरबसल्या कळतं. कुलपावर कंपनीचं नाव, किती लिव्हर, काही नंबर असेल तर तोही फोटोत येऊ द्या. ऑफिसच्या टेबलाचे ड्रॉवर, फायलींची कपाटं यांच्या छोट्या लॉकच्या तोंडावर, जिथे चावी घालतो तिथेच, बारीक नंबर कोरलेला असतो, आणि तो बऱ्याचदा चावीचा नंबर असतो. त्या नंबरची चावी मिळाली किंवा नंबरावरून कापता आली तर पाच मिनिटांचं काम आहे. लोक वर्षानुवर्षं त्या ड्रॉवरसमोर बसतात आणि नंबर कधी बघत नाहीत.

आणि भोकात काही घालू नका. हेअरपिन नको, सेफ्टीपिन नको, यूट्यूब बघून क्लिप वाकवणं तर अजिबातच नको. तुमच्याच्याने उघडणार नाही आणि क्लिपचा तुकडा आत मोडला की चावीवाल्याचा पहिला अर्धा तास तो काढण्यात जातो, त्याचे पैसे तुम्हीच देणार. तेलही घालू नका, का ते पुढे सांगतो.

कुलपाच्या आत काय असतं

घराच्या दाराचं लॅच किंवा बरीचशी साधी पितळी कुलपं असतात ना, ज्यांची चावी चपटी आणि एका बाजूला करवतीसारखी असते, त्यात पिना असतात. आत एक गोल नळकांडं फिरतं, पाजी त्याला बॅरल म्हणतात. बॅरलमध्ये आणि त्याच्या बाहेरच्या भागात मिळून एका ओळीत पाच-सहा भोकं, प्रत्येक भोकात पिनेचे दोन तुकडे एकावर एक, आणि मागून स्प्रिंग दाबतेय. चावी नसते तेव्हा हे तुकडे अर्धे बॅरलमध्ये, अर्धे बाहेर असे अडकलेले असतात, म्हणून बॅरल फिरत नाही. बरोबर चावी आत गेली की प्रत्येक भोकातल्या दोन तुकड्यांचा जोड नेमका बॅरलच्या कडेला येतो, सगळे जोड एका रेषेत, आणि बॅरल गरकन फिरतं. म्हणजे चावीला जिथे खोल खाच, तिथे आतली पिन लांब, जिथे खाच उथळ तिथे पिन आखूड. चावी म्हणजे पिनांचा उलटा साचाच. अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनियर नावाच्या माणसाने 1861 मध्ये या पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं, आणि तुमच्या फ्लॅटच्या दाराला आजही तीच युक्ती आहे, फक्त वरचं हँडल चकचकीत झालंय.

खाचांच्या खोलीला ठरलेल्या पायऱ्या असतात, कंपनीप्रमाणे वेगळ्या. एका पायरीत आणि पुढच्या पायरीत फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. एवढ्याशा फरकावर तुमचं घर बंद असतं.

काजळी, कानस आणि बरंचसं धैर्य

आता कुलूप बंद आहे, चावी नाही, उघडून आतल्या पिना मोजता येत नाहीत. अशा वेळी जे करतात ते बघायला मला अजून मजा येते.

सगळ्यात आधी ब्लँक निवडायचा. ब्लँक म्हणजे दाते न कापलेली कोरी चावी. तिच्या अंगावर लांबीच्या दिशेने नाळ्या असतात, त्या भोकाच्या आकाराशी जुळल्या तरच ती आत जाते. पाजींच्या पेटीत खिळ्यांवर लटकवलेले शेकडो ब्लँक आहेत, आणि ते भोकात एकदा बघून हात घालतात तो बरोबर खिळ्यावर. मी पंधरा वर्षांत एकदाही ओळखू शकलो नाही.

पितळेचा ब्लँक घेतात, कारण पितळ मऊ, त्यावर खूण पटकन उठते. ज्या कडेवर दाते येणार ती कड बारीक दाताच्या कानशीने घासून एकदम गुळगुळीत करतात. मग कोणी मेणबत्तीवर धरून काजळी बसवतात, कोणी काजळी न लावताच काम करतात, पाजी काजळीवाले. नंतर ब्लँक आत घालायचा, पकडीने धरून फिरवायचा प्रयत्न करायचा आणि तो ताण तसाच ठेवून वर-खाली हलकेच हलवायचं. कोरा ब्लँक सगळ्या पिनांना गरजेपेक्षा जास्त उचलून धरतो, त्यात वरून फिरवायचा जोर पडला की एखाद-दोन पिना बॅरल आणि बाहेरच्या भागात चिमटल्या जातात, हलेनाशा होतात, आणि ब्लँकच्या कडेवर आपलं टोक दाबून ठेवतात. ब्लँक बाहेर काढून उजेडात तिरपा धरला की तिथे एक बारीक चमकता ठिपका दिसतो. ठिपका कसला, मला तर आधी काही दिसायचंच नाही, पाजी भिंग देऊन दाखवायचे तेव्हा कुठे.

ठिपका जिथे, तिथे कानशीचे दोन-तीन हात मारायचे. फक्त दोन-तीन. कड पुन्हा गुळगुळीत, पुन्हा काजळी, पुन्हा आत, पुन्हा ताण, पुन्हा बाहेर. परत त्याच जागी खूण आली तर अजून थोडं घासायचं. खूण यायची बंद झाली म्हणजे ती पिन आपल्या जागेवर पोचली, आता तिला हात लावायचा नाही, आणि तोवर दुसऱ्या कुठल्यातरी पिनेची खूण उठायला लागलेली असते, कारण कुलपातली भोकं कारखान्यात कितीही नीट पाडली तरी केसभर पुढेमागे असतात, त्यामुळे सगळ्या पिना एकदम न चिमटता आळीपाळीने चिमटतात. असं करत करत शेवटी एकदा ब्लँक आत जातो आणि फिरतो. वीस मिनिटंही लागतात आणि तासही लागतो. मधे गिऱ्हाईक "झालं का, झालं का" करतं तेव्हा पाजींच्या कपाळाची शीर बघण्यासारखी असते.

चुका कुठे होतात ते सांगतो, कारण कोणीतरी कानस घेऊन घरी बसणारच. एक, लोक हावरटपणे घासतात. पितळ काढता येतं, परत लावता येत नाही, खाच गरजेपेक्षा खोल गेली की ब्लँक फुकट, पहिल्यापासून सुरुवात. दोन, फिरवताना जोर लावतात. चार-पाच खाचा पडल्यावर ब्लँक कमजोर झालेला असतो, कटकन आत मोडतो. तीन, दोन खाचांच्या मधे उतार ठेवत नाहीत, सरळ खड्डा करतात, मग पिन त्या खड्ड्यात बसते आणि चावी आत जाते पण बाहेरच येत नाही. शिकायचंच असेल तर स्वतःच्या जुन्या कुलपावर, टेबलाशी बसून शिका, दोन-चार ब्लँक वाया घालवायची तयारी ठेवून. घराबाहेर जिन्यात उभं राहून पहिला प्रयोग करू नका.

एक गोष्ट आवर्जून करून घ्या. ही जी घासून घासून बनलेली चावी आहे ती कामाची वस्तू आहे, रोज वापरायची नव्हे. तिने इतका मार खाल्लेला असतो की महिन्या-दोन महिन्यांत मोडू शकते. तिच्यावरून मशीनवर लगेच दोन स्वच्छ चाव्या कापून घ्या आणि मूळची घासलेली चावी मास्टर म्हणून डब्यात ठेवा. पुढे कधी डुप्लिकेट लागली तर त्या मास्टरवरूनच, कारण डुप्लिकेटची डुप्लिकेट आणि तिची डुप्लिकेट असं करत गेलं की मशीनची थोडी थोडी चूक साठत जाते आणि चौथी चावी "जरा हलवून लावावी लागते" अशी होते. प्रत्येक घरात अशी एक चावी असते, आणि ती नेहमी पाहुण्यांना दिली जाते.

स्कूटर-बाइकची चावी

आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी हिचीच. गाडीच्या लॉकमध्ये पिनांऐवजी बहुतेक वेळा पितळेच्या चपट्या पत्त्या असतात, प्रत्येक पत्तीला मधे एक खिडकी, आणि ती खिडकी प्रत्येक पत्तीत वेगळ्या उंचीवर. चावी या खिडक्यांतून आरपार जाते. बरोबर चावी असेल तर सगळ्या पत्त्या आत ओढल्या जाऊन नळकांड्याच्या अंगाशी सपाट बसतात, चुकीची असेल तर कुठलीतरी पत्ती वर नाहीतर खाली बाहेर डोकावत राहते आणि अडते.

इथे वर सांगितलेला ठिपक्यांचा खेळ करता येतो, पण त्याहून सोपा रस्ता म्हणजे लॉकच बाहेर काढायचं. बऱ्याच गाड्यांना मेन लॉक, सीटचं लॉक, साइड पॅनलचं लॉक सगळ्यांना एकच चावी असते, त्यातलं जे सोपं निघतं ते काढायचं. नळकांडं हातात आलं की कोरा ब्लँक त्यात घालायचा आणि बघायचं, कुठल्या पत्त्या किती बाहेर आल्यात. जी बाहेर, तिच्या जागी ब्लँक घासायचा, परत घालून बघायचं, ती सपाट बसली की पुढची. अंधारात चाचपडणं नाही, सगळं डोळ्यासमोर. पाजी हे काम बोलत बोलत करतात, वर चहाही पितात. काही लॉकच्या पत्त्यांवर चक्क आकडे ठोकलेले असतात, मग तर घासून बघायलाही नको, आकडे वाचा आणि त्या खोलीच्या खाचा पाडा.

यात एक फसगत आहे. काही गाड्यांत सीटच्या किंवा दाराच्या लॉकला पत्त्या कमी असतात आणि मेन लॉकला जास्त. मग सीटवरून बनवलेली चावी सीट उघडते, मेन लॉकमध्ये आत जाते, आणि फिरत नाही. अशा वेळी घाबरू नका आणि चावीवाल्याला शिव्याही देऊ नका, उरलेल्या एक-दोन खाचा त्याला मेन लॉकमध्ये खुणा बघून काढाव्या लागतात, तेवढं तो करतो. म्हणून पैसे देण्याआधी गाडी चालू करून, हँडल लॉक लावून-काढून, सीट उघडून, पेट्रोलचं झाकण उघडून सगळीकडे चावी फिरवून बघा.

ज्या स्कूटरला चावीच्या भोकावर सरकणारं शटर असतं, ते लावून ठेवलेलं असताना चावी हरवली तर काम एकाने वाढलं. ते शटर चावीच्या डोक्यात असलेल्या षटकोनी टोकाने उघडतं, त्या टोकात छोटे मॅग्नेट ठरावीक जागी बसवलेले असतात, आणि समोर शटरमध्येही त्यांना जुळणारे. फोनवरच सांगा की शटर बंद आहे, म्हणजे तो तयारीने येईल.

नवीन गाडी घेताना चावीसोबत एक छोटा बिल्ला मिळतो, किंवा चावीवरच नंबर असतो. आपण तो बिल्ला चावीच्याच जुडग्यात अडकवून ठेवतो, म्हणजे चावी हरवली की नंबरही गेला. मीही हेच केलं होतं, हार्डवेअरवाला असून.

लिव्हरवाली कुलपं आणि आजीचं कपाट

मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून आपल्याकडे कुलूप-कपाट म्हटलं की तेच नाव तोंडात. नवताल तर घराघरात. ही लिव्हरची कुलपं, अंगावर सहा लिव्हर, सात लिव्हर, आठ लिव्हर असं लिहिलेलं असतं. आत एकावर एक रचलेल्या पट्ट्या, प्रत्येकीला एक खाच. चावीचे दाते प्रत्येक पट्टी नेमकी तेवढीच उचलतात, कमी नाही आणि जास्तही नाही, मग सगळ्या खाचा एका रांगेत येतात आणि आतला खुंट त्यातून सरकतो.

लिव्हरच्या कुलपाची चावी खुणांवरून काढणं पिनवाल्यापेक्षा जास्त चिकाटीचं काम आहे. साध्या दरवाज्याला बाहेर लावलेलं कुलूप असेल तर पाजी सरळ विचारतात, "नवीन कुलूप केवढ्याला? आणि माझी मजुरी केवढी?" हिशेब करा. छोट्या कुलपाची चावी बनवण्यापेक्षा कटरने कडी कापून नवीन कुलूप लावणं बऱ्याचदा स्वस्त पडतं, आणि मी दुकानदार आहे म्हणून सांगतोय असं नाही, म्हणजे थोडं आहेच.

कपाटाची गोष्ट वेगळी. लोखंडी कपाट फोडलं की दार वाकतं, परत कधी नीट लागत नाही. तिथे चावीवाला आधी कपाट उघडतो आणि मग दाराच्या आतल्या बाजूने स्क्रू काढून लॉकच बाहेर घेतो. झाकण उघडलं की लिव्हर समोर, ब्लँक घालून एकेक दाता बघत बघत घासायचा. त्यामुळे कपाट नशिबाने उघडं असताना चावी हरवली असेल तर दार लावूच नका! लोक काय करतात, चावी हरवली म्हणून घाबरून दार ढकलतात, हँडल फिरतं, लागतं, संपलं. दारात एक चिंधी अडकवा आणि चावीवाल्याला बोलवा, निम्म्या पैशात काम होतं.

चारचाकीची चावी

इथे कानशीने अर्धंच काम होतं. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक कारच्या चावीच्या प्लास्टिक डोक्यात एक चिप असते. युरोपात 1998 पासून नव्या कारना इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला, आपल्याकडेही तो हळूहळू सगळीकडे आला. चिपला बॅटरी लागत नाही, इग्निशनभोवतीच्या तारेच्या कॉइलमधून तिला वीज मिळते आणि ती आपला कोड परत पाठवते. गाडीच्या कॉम्प्युटरने तो ओळखला तर इंजिन चालू राहतं, नाहीतर चावी फिरते, स्टार्टर कधी ओरडतो पण गाडी उठत नाही.

म्हणून कारचं काम दोन टप्प्यांत. आधी दाराच्या लॉकवरून किंवा नंबरावरून पात्याच्या खाचा कापायच्या, मग डॅशबोर्डखालच्या सॉकेटला मशीन जोडून नवीन चिप गाडीच्या मेमरीत चढवायची. एक चावी हातात असेल तर दुसरी चढवणं स्वस्त आणि सोपं. दोन्ही गेल्या तर वेळही जास्त आणि पैसेही कितीतरी पट. त्यामुळे एक चावी हरवली की "दुसरी आहे की" म्हणून गप्प बसू नका, ती हातात आहे तोवरच जोड करून घ्या. आणि करून घेताना हरवलेल्या चावीची नोंद मेमरीतून काढायला सांगा, म्हणजे ती कोणाला सापडली तरी गाडी तिने चालू होणार नाही. दार मात्र उघडेल, पातं तेच आहे, एवढं लक्षात असू द्या.

शोरूमकडून करायचं तर चेसिस नंबरवरून ते मागवतात, आरसी आणि ओळखपत्र लागतं, चावी हरवल्याची पोलिसांकडची नोंदही बऱ्याच ठिकाणी मागतात. ती नोंद पोलिसांच्या वेबसाइटवर लॉस्ट अँड फाउंडमध्ये ऑनलाइन होते, चौकीत तास घालवायची गरज पडत नाही. ही नोंद तशीही करून ठेवाच, कारण उद्या गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही मूळ चाव्या मागतात, एकच दाखवली की प्रश्नांची सरबत्ती सुरू. पॉलिसीत चावीचं वेगळं कव्हर घेतलंय का तेही बघा, बऱ्याच जणांनी घेतलेलं असतं आणि माहीतच नसतं.

जिथे चावी बनवायचा नाद सोडावा

ज्या चावीला दात्यांऐवजी अंगावर गोल गोल खड्डे असतात, बाजारात तिला कॉम्प्युटर चावी म्हणतात (कॉम्प्युटरचा तिच्याशी काडीचा संबंध नाही), तिची मूळ चावी हातात असेल तर मशीनवर नक्कल होते, पण चावीच नसताना खुणांवरून बनवणं फार किचकट. फ्लॅटच्या दाराला असं लॉक असेल तर दार उघडून मधला सिलिंडर बदलणं बरं. दाराच्या कडेला लॉकच्या पट्टीवर एक लांब स्क्रू असतो, तो काढला की सिलिंडर बाहेर येतो, फक्त त्याआधी चावी घालून थोडी फिरवावी लागते, नाहीतर मधली जीभ अडते. चावी नसेल तर हे चावीवाल्यालाच करू द्या, तो गरज पडली तर ड्रिल मारतो. नवीन सिलिंडर आणायला येताना जुना सोबत आणा, किंवा स्क्रूच्या भोकापासून दोन्ही बाजूंची लांबी मोजून आणा. "मोठा द्या" असं म्हणून माप कळत नाही हो ताई.

बँकेच्या लॉकरची चावी हरवली तर कुठल्याही चावीवाल्याकडे जायचं नाही, सरळ शाखेत लेखी कळवायचं. बँक लॉकर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावते, तुमच्या समोर लॉकर उघडून लॉक बदललं जातं आणि खर्च तुमच्या खात्यातून जातो. ती चावी सांभाळण्यासारखी आहे एवढंच.

आणि चावी पाकिटासकट गेली असेल, पाकिटात आधार कार्ड, म्हणजे तुमचा पत्ता आणि तुमच्या दाराची चावी एकाच माणसाच्या हातात पडलीय, तर तशीच दुसरी चावी बनवून काय करणार? तिथे कुलूप किंवा सिलिंडरच बदला, त्याच दिवशी, रात्र मधे जाऊ देऊ नका.

माणूस बोलावताना

चांगला चावीवाला तुम्हाला प्रश्न विचारतो. घर तुमचंच का, गाडीची आरसी दाखवा, शेजारचं कोणी ओळखतं का. काही लोकांना राग येतो, "आम्ही काय चोर दिसतो का?" पण न विचारता उघडून देणारा माणूस उद्या तुमचंही दार कोणालातरी न विचारता उघडून देईल. पाजी तर सोसायटीच्या वॉचमनला बोलावल्याशिवाय पेटी उघडत नाहीत. ते शिकलगार समाजाचे, पिढ्यानपिढ्या शस्त्रांना धार आणि चकाकी देणारे हात, आता कुलपांवर बसलेत, आणि कुठे चोरी झाली की पहिला संशय आपल्या लोकांवर येतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून वहीत तारीख, पत्ता, गाडीचा नंबर आणि गिऱ्हाइकाची सही, सगळं.

पैसे आधी ठरवा, फोनवरच. येण्याचे किती, उघडण्याचे किती, चावीचे किती, रात्रीचे जास्त का. काम चालू असताना तिथेच थांबा. निघताना बनलेल्या सगळ्या चाव्या, घासलेल्या मास्टरसकट, मोजून घ्या.

अजून एक, नवीन चावीचा फोटो काढून स्टेटसला टाकू नका. नवीन घर घेतलं की लोक चावी हातात धरून फोटो टाकतात, अगदी खाचा दिसतील असा. खाचा म्हणजे आकडेच, आणि आकडे फोटोतून वाचता येतात. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथल्या विद्यापीठातल्या लोकांनी सुमारे 60 मीटरवरून, गच्चीवरून टेलिफोटो लेन्सने कॅफेच्या टेबलावरच्या चाव्यांचे फोटो काढले आणि त्यावरून त्यांचे आकडे काढून दाखवले. पेढ्यांचा फोटो टाका.

चावी बनली, आता

दार उघडं ठेवून नवीन चावी दहा-बारा वेळा फिरवा, दोन्ही बाजूंनी. अडत असेल तर तेव्हाच सांगा, कानशीचे दोन हात मारून ती सरळ होते, आठवडाभर जोर लावून फिरवत राहिलात तर आतल्या पिना खराब होतात. आणि ते तेल. खोबरेल तेल कुलपात घालायची आपल्याकडे जुनी खोड आहे, दोन दिवस मस्त फिरतं, मग त्यावर धूळ बसते, चिखल होतो, थंडीत खोबरेल गोठतं ते वेगळंच. शिवाय तेलाने भरलेल्या कुलपात काजळीची खूण उठत नाही, म्हणून चावीवाला यायच्या आधी तेल घालू नका म्हटलं. त्याऐवजी शिसपेन्सिलीचं टोक किसून ती पूड चावीला चोळा आणि चावी आत-बाहेर करा. आमच्याकडे ग्रॅफाइट पावडरची बाटली मिळते, पण पेन्सिलने भागतं.

जाता जाता गाडीच्या चावीचा नंबर, ड्रॉवरच्या लॉकचा नंबर कुठल्यातरी वहीत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको कारण मोबाइल आणि चावी एकाच पिशवीतून जातात. आणि जोडातली दुसरी चावी घराच्या आतल्या खिळ्यावर टांगू नका, घर बाहेरून बंद झाल्यावर ती कोणाच्या कामाची? भावाकडे द्या, समोरच्या काकूंकडे द्या. आमची काकूंकडे असते, त्या गावाला गेल्या की त्यांची आमच्याकडे, आणि एकदा दोघंही एकाच लग्नाला गेलो होतो तेव्हा काय झालं ते पाजी अजून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात.